नाकापासून सात फूट चार इंच

लग्नानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी, कार्ल्याच्या डोंगरावर, भर उन्हात, देवीला आलेल्या तीस-चाळीस माणसांच्या देखत आमच्या ह्यांनी खिशातून पोलादी टेप काढली, तिच्या टोकाचा आकडा माझ्या नाकाच्या शेंड्याला लावला आणि म्हणाले, "दोन बोटांनी धरून ठेव. हलू नकोस."

मी धरून ठेवला. मोरपंखी साडी, अंबाड्यात गजरा, हातात हिरवा चुडा, आणि स्वतःच्या नाकाला स्वतःच टेप लावून उभी असलेली मी. हे टेप सोडत सोडत मागे गेले, छातीवरच्या कॅमेऱ्याच्या भिंगाशी थांबले, वाकून माप वाचलं आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं म्हणाले, "सात फूट चार इंच."

मागे पायरीवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "शिंपी हाय जनू."

"शिंप्याला नाकाचं माप कशाला गं?"

"नथीचं आसंल."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. माझं नाक त्यात फारच सुरेख आलं आहे. शेंड्यावर टेपच्या आकड्याचा वळसुद्धा दिसतो. बाकी चेहऱ्यावर जो भाव आहे तो लग्न मोडावं असं वाटणाऱ्या बाईचा आहे, आणि तोही अगदी स्पष्ट आला आहे.

ह्यांचं नाव मी तेव्हा उखाण्यातच काय ते घेतलं. आता म्हातारपणी घेऊन सवय बिघडवणार नाही. हे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. टूलरूम म्हणजे कारखान्यातली ती खोली, जिथे बाकीच्या मशीनांसाठी साचे आणि मापं घडवतात. बाकी सगळ्यांनी चुकावं, टूलरूमने चुकू नये, असा तिथला कायदा. इंचाचे हजार भाग केले की त्यातल्या एका भागाला तिथे थाऊ म्हणत. "दोन थाऊ इकडेतिकडे चालतं म्हणणाऱ्याचं बोट आधी जातं," असं हे म्हणायचे. आमच्या घरात मीठ कमीजास्त चालायचं, पण पोळीचा गोल एका अंगाला सुटला की हे काही न बोलता ती पोळी ताटात फिरवत बसायचे. मी त्या वेळी बावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, माणूस वेडा आहे. अजून तेच वाटतं, फक्त आता तक्रार नाही.

आमची सुट्टी गुरुवारी. विजेच्या ओढाताणीमुळे कारखान्यांना वार वाटून दिले होते आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला होता. जगाचा रविवार तेव्हा हे कामावर, आणि हे घरी तेव्हा जग कामावर. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे म्हणून कधी कुणी आलं नाही, आणि आम्ही जाऊ तिथे ओळखीचं कुणी भेटलं नाही. नव्या नवरा-बायकोला हे बरं असतं असं तुम्हाला वाटेल. मला मात्र माझी नवी साडी बघायला माणसं हवी होती.

हिंडायची ह्यांना फार हौस, पण तिचीही रीत ठरलेली. स्टँडवर जायचं, पहिली जी एस.टी. सुटत असेल तिच्यात बसायचं आणि शेवटच्या गावापर्यंत जायचं. पाटी वाचायची नाही. "पाटी वाचली की मग तिथे काय आहे याचा विचार सुरू होतो. आधी जाऊ तर." मावळातली आणि खेडकडची किती गावं मी अशी भरजरी काठाच्या साड्या नेसून पाहिली. गावातल्या बाया शेतावर गेलेल्या असायच्या. देवळाच्या ओट्यावर मी आणि पारावर कोंबड्या. हे तोवर गावच्या सुताराकडे बसून बैलगाडीच्या आसाविषयी बोलत असायचे. परतीची गाडी पाचला.

चाकणला एकदा कांद्याच्या आडतीवर हे अर्धा तास मोठ्या तराजूकडे बघत उभे राहिले. शेवटी आडत्याला म्हणाले, "तुमचा काटा डावीकडे ओढतो."

आडत्या खुर्चीतून उठलाच. "साहेब, वजनमापवाले का तुम्ही? या, बसा. अरे, चहा सांग."

"मी वजनमापवाला नाही. म्हणून चहा नको."

मग ह्यांनीच खिशातून कानस काढली, डब्याच्या पत्र्याचा एक तुकडा मागून घेतला, त्याची चकती घासून काट्याच्या कडीत बसवली आणि काटा सरळ केला. आडत्याचा चेहरा काही आनंदी दिसला नाही, पण चार माणसांसमोर त्याला हसून पाच शेर कांदे आम्हाला द्यावेच लागले. ते मी माझ्या वायरच्या पिशवीत भरले. प्लास्टिकच्या वायरच्या पिशव्या विणायचं तेव्हा बायकांना वेडच लागलं होतं, आणि ही पिशवी माझी पहिली. भोसरीच्या वळणावर तिची मूठ सुटली आणि अख्ख्या गाडीत कांदे. लोक पायांखालून कांदे वेचून देताहेत, मी लाजेने अर्धी, आणि हे शांतपणे म्हणतात, "मूठ पाऊण इंच एका बाजूला आहे. मी सोमवारीच म्हटलं होतं."

फोटोंचा कायदा सगळ्यात कडक. वर्षाला एक रोल. रोलमध्ये बारा फोटो. म्हणजे महिन्याला एक. जानेवारीला पहिला, डिसेंबरला बारावा, मग रोल स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडे धुवायला. एकदा काढला की परत नाही. "कापलेला जॉब परत जोडता येत नाही." कॅमेरा जुना, घडीचा, पुढे भाता असलेला; भिंगावर अंतर हाताने लावावं लागे आणि ते चुकलं की फोटो धूसर. त्याच्या पाठीला एक बारीक लाल खिडकी होती आणि तिच्यात फोटोचा आकडा दिसायचा. फोटो काढला की हे लगेच किल्ली फिरवून पुढचा आकडा आणून ठेवत आणि वहीत लिहीत: महिना, अंतर, ऊन की सावली. माझी नात पिंपळे सौदागरला राहते, ती ताटातल्या एका भज्याचे अकरा फोटो काढते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, मग फेब्रुवारीत तुझे डोळे मिटलेले आले तर?" आले होते. त्या वर्षी फेब्रुवारीत मी आंधळी आहे.

राहायला आम्ही चिंचवड गावात, नदीच्या अंगाला. घरमालकीण आक्का म्हणजे जुन्या गावकरी घरातली विधवा बाई, चार म्हशींची धनीण. पुढे आक्कांचा गोठा, गोठ्यामागे आमच्या दोन खोल्या, वर पत्रे, बाहेरच्या भिंतीवर आक्कांच्या गोवऱ्या. आत मात्र सगळं ह्यांच्या हातचं. मोडीच्या लाकडाची फळ्यांची मांडणी, भिंतीला मिटणारं टेबल, तेलाच्या डब्यांचे पीठ-तांदळाचे डबे, त्यांची झाकणं इतकी बेतशीर की उघडताना सुस्कारा सोडायची. उंदराचा पिंजराही असा केलेला की उंदराला लागू नये. रोज सकाळी कामावर जाताना हे उंदीर नदीकाठी सोडून येत. मांडणी भिंतीला लावली तेव्हा मी म्हटलं, "अहो, ही तिरकी दिसते." ह्यांनी पाणसळ लावून दाखवली, बुडबुडा अगदी मधोमध. "भिंत चुकली आहे. फळी बरोबर आहे."

आणि थाऊ. कारखान्याच्या भंगाराच्या ढिगात सापडलेलं पिल्लू. ओंजळीत हरवेल एवढं होतं, म्हणून हे नाव. सहा महिन्यांत ते एवढं वाढलं की आक्का म्हणाल्या, "ह्यो कुत्रा हाय का रेडकू? आमी दूध म्हशीचं काढतो, पितंय ह्यो." थाऊ आमच्याबरोबर एस.टी.तही यायचा. एका कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं. ह्यांनी ते निमूट काढलं आणि मग म्हणाले, "आता त्याची जागा द्या." गाडी भरलेली. शेवटी हे स्वतः उठले आणि थाऊला खिडकीपाशी बसवलं. वडगावपासून चिंचवडपर्यंत हे दांडीला धरून उभे, आणि नवी नवरी कुत्र्याला खेटून बसलेली. तो वारा खात होता आणि मी मान खाली घालून बोटं मोजत होते.

आता माझी लबाडी सांगते. हसायचं असेल तर इथे हसून घ्या, पुढे मला थोडी लाज वाटणार आहे.

माझं माहेर जामखेडचं. वडील तिथल्या पोस्टात कारकून. माझी चुलत बहीण पुण्यात बँकेतल्या साहेबाला दिलेली, ती घरी पत्रं पाठवायची त्यात बाल्कनी असायची, मोलकरीण असायची. मग मी काय लिहिणार? गोठा? पहिल्या पत्रात मी लिहिलं, "घर ऐसपैस आहे." दुसऱ्यात अंगण आलं. तिसऱ्यात त्या अंगणाला कंपाउंड आणि फाटक आलं. दिवाळीपर्यंत आमचा बंगला झाला होता आणि थाऊ विलायती जातीचा. एवढा बंगला मी कोपऱ्यातल्या स्टोव्हजवळ पाटावर बसून, एका हाताने डास मारत बांधला. ह्यांना याचा पत्ता नाही. माझी पत्रं हे कधी वाचत नसत. "ती तुझी वडिलांशी बोलणी."

दिवाळीनंतर वडिलांचं पत्र आलं. शेवटी एकच ओळ: "बंगल्याचा एक फोटो पाठव, आईला पाहायचा आहे."

नोव्हेंबरचा फोटो होऊन गेला होता. डिसेंबरचा एकच उरला होता, बारा नंबरचा. मी मनात जागा हेरून ठेवली: कंपनीच्या कॉलनीत एका मोठ्या साहेबाचा बंगला होता, फाटकावर बोगनवेल. तिथे फोटो, महिनाअखेर रोल धुवायला, जानेवारीत फोटो जामखेडला. बेत थाऊभरही चुकलेला नव्हता.

पण डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, हे पहिल्या पाळीला गेलेले असताना, थाऊ आमच्या उंबऱ्यावर आडवा झोपला होता आणि आक्कांची तांबडी कोंबडी त्याच्या पाठीवर चढून बसली होती. कोवळं ऊन, बाजूला गोवऱ्यांची भिंत. मला काय झालं कुणास ठाऊक. फळीवरचा कॅमेरा काढला, ह्यांचं बघून बघून मला उघडता येत होताच, गोठ्याच्या कुडाला टेकून उभी राहिले आणि खटका दाबला. कोंबडी उडाली. मग भानावर आले. डिसेंबर संपला होता.

लाल खिडकीत बाराचा आकडा तसाच होता. आणि मी विचार केला: किल्ली फिरवलीच नाही तर आकडा हलणार नाही. आकडा हलला नाही तर फोटो खर्च झाला नाही. ह्यांना कळणारही नाही. कॅमेरा पुसून होता तसा ठेवला. अक्कल मला देवाने कधी कमी दिली नाही, थोडी जास्तच झाली.

पुढच्या गुरुवारी ह्यांना फिरत फिरत कॉलनीत नेलं. "बोगनवेल किती छान आहे नाही? इथे काढा ना." ह्यांनी टेप काढली. मी लग्नातला शालू नेसले होते. नाकाला आकडा धरून फाटकापुढे उभी राहिले, तोच पहारेकरी धावत आला.

"क्या नाप रहे हो साब? रोड चौडा होनेवाला है क्या?"

मागोमाग बंगल्यातल्या बाई आल्या. "नगरपालिकेचे का तुम्ही? आमचं कंपाउंड जाणार आहे का? आधी नोटीस नको का द्यायला?"

हे माप वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "बंगल्याशी माझा काही संबंध नाही, बाई. नाक माझ्या बायकोचं आहे." आणि खटका दाबला.

जानेवारीत फोटो आले. गुरुवार होता. हे मिटतं टेबल उघडून, भिंग घेऊन, एकेक फोटो वहीशी ताडून बघत बसले. अकरा झाले. बारावा बराच वेळ हातात राहिला. मग म्हणाले, "इकडे ये जरा."

फोटोत बंगला होता. बंगल्याच्या भिंतीवर गोवऱ्या होत्या. फाटकातून आमचं दार दिसत होतं, शालूच्या निऱ्यांमध्ये थाऊ झोपलेला होता आणि माझ्या नाकाच्या जरा वर एक कोंबडी होती. किल्ली न फिरवल्यामुळे एकावर एक दोन फोटो आले होते.

"हा कुत्र्याचा तू काढलास का?"

सांगायला हवं होतं. पण कोंबडीचं सांगितलं की किल्लीचं सांगावं लागणार, किल्लीचं सांगितलं की बंगला, बंगल्यावरून पत्रं. माझ्या तोंडून निघालं, "मी? मला ते उघडता तरी येतं का?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे." आणि वही चाळायला लागले. "मग मीच काढला असणार. लिहिलेलाही नाही. आठवतही नाही."

माझ्या शब्दावर त्यांचा स्वतःच्या डोक्यापेक्षा जास्त भरवसा होता. ते मला त्या दिवशी कळलं.

पुढचे आठ दिवस मी कधी विसरणार नाही. हे कुलूप लावून चार पावलं जात आणि परत येऊन ओढून बघत. दाढी केली का ते गालावर हात फिरवून पाहत. स्टोव्ह मी विझवलेला असला तरी वाकून बघत. बोलणं कमी होतंच, ते बंद झालं. आक्कासुद्धा म्हणाल्या, "पोरी, मालकाला दिष्ट लागली व्हय? काल म्हशीला विचारत हुता, मगाशी तुला पानी पाजलं का म्हनून."

मग त्यांचे टूलरूममधले जोडीदार स्वतः रजा टाकून घरी आले, मुद्दाम हे दुसऱ्या पाळीला असताना. लातूरकडचे, मोठ्या मिशांचे, ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी ह्यांना उस्ताद म्हणत. दारातच उभे राहिले.

"वैनी, उस्तादला झालंय काय? एकच माप चार-चारदा घेऊ लागलेत. काल तर ग्राइंडर चालू करून बंद केलं अन् हात मागं घेऊन हुबे राहिले. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणतात, मला माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. जे केलं ते आठवंना झालंय, एक दिवस बोट जाईल, नाहीतर दुसऱ्याचं घालवीन."

"मग?"

"मग काय, स्टोअरला बदली मागायलेत. अर्ज लिहून खिशात ठेवलाय. शुक्रवारी फोरमनला देणार. वैनी, ह्या हाताचा माणूस स्टोअरला बसून नट-बोल्ट मोजंल, तर आमी टूलरूमवाल्यांनी कुठं तोंड दाखवावं?"

ते गेले. मी मांडणीच्या फळ्यांकडे बघत बसले. ते हात एका कोंबडीपायी जाणार होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दुपारी हे ओट्यावर बसून कॅमेरा फडक्यात गुंडाळत होते. फोटोवाल्याला देऊन टाकायचा म्हणाले. थाऊ त्यांच्या पायाशी. मी बाहेर आले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "अहो, तो कुत्र्याचा फोटो मी काढला."

हात थांबला. "नीट सांग."

सांगितलं. कोंबडी, खटका, लाल खिडकी, न फिरवलेली किल्ली. हे ऐकत होते आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली येत होते, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे. मला वाटलं आता ओरडतील. ह्यांनी आत जाऊन फोटो आणि भिंग आणलं.

"अंतर किती धरलं होतंस?"

"मला काय माहीत. मी नुसतं दाबलं."

"कुत्र्याच्या मिशा मोजता येताहेत." वही उघडली. "नोव्हेंबरचं नऊ फूट लावलेलं होतं. चल, कुठे उभी होतीस?"

कुडापासून उंबऱ्यापर्यंत टेप लावली. आठ फूट अकरा. हे पहिल्यांदा हसले. मग खिशातला अर्ज काढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "डिसेंबर, जादा. कुत्रा, कोंबडी. ८ फूट ११. सौ.ने काढला," आणि तो कागद वहीत चिकटवून टाकला. फोरमनसाठी लिहिलेली बाजू आत गेली.

डिंकाची बाटली बंद करून म्हणाले, "पण मग त्या बंगल्यासमोर कशाला?"

हे सांगणं पहिल्यापेक्षा कठीण होतं. तरी सांगितलं. पत्रं, फाटक, विलायती थाऊ, सगळं. या वेळी हे हसले नाहीत. उघड्या दारातून आत मांडणीकडे बघत राहिले. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती तेवढाच आवाज.

"इथे राहायचा तुला कमीपणा वाटतो?"

"आधी वाटायचा."

"आणि आता?"

मी खरं तेच बोलले. "आता वाटायचं राहून जातं."

वही मिटून म्हणाले, "मग तेवढंच लिही वडिलांना."

त्या दिवशी मी पहिलं खरं पत्र लिहिलं. बंगला पाडायला फार वेळ लागला नाही, अर्ध्या पानात गेला. उरलेल्या पानात गोठा, आक्का, सुस्कारा सोडणारे डबे, वडगावहून खिडकीशी बसून आलेला थाऊ. फोटो दुसरा नव्हताच. तोच पाकिटात घातला.

वडिलांचं उत्तर दहा दिवसांनी आलं. ते मला पाठ आहे.

"चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. पोस्टात तीस वर्षं काढलेला माणूस पत्राच्या आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो. तुझ्या प्रत्येक पत्राच्या पाठीवर तुझ्याच अक्षरात 'आक्कांच्या गोठ्यामागे' असं आहे. गोठ्यामागचा बंगला वाढत चालला तशी तुझी आई रडू लागली. पोरगी सुखात असती तर इतकं खोटं कशाला लिहिती, असं तिचं म्हणणं. फोटो मागितला तो त्यासाठीच. फोटो आला नसता तर फेब्रुवारीत येऊन तुला घेऊन जाणार होतो. आता येण्याची घाई नाही. फोटोत बंगल्यापुढे तू अवघडून उभी आहेस आणि घराच्या दारात कुत्रा निवांत झोपला आहे. त्यावरून तुमची खुशाली समजली."

दर पत्राच्या पाठीवर मी स्वतःच्या हाताने गोठा लिहीत होते आणि आत फाटकाला रंग देत होते. एवढ्या हुशार मुलीला वडिलांनी इतक्या लांब शहरात दिलं, त्यांच्या धैर्याची कमाल आहे.

पत्र मी ह्यांना वाचायला दिलं. दोनदा वाचलं, घडी पूर्वीच्याच रेघांवर केली आणि परत दिलं. जानेवारीचा फोटो अजून राहिला होता. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ह्यांनी नवा रोल भरला, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "पहिला तू काढ."

"कुणाचा?"

"माझा काढ. माझा एकही नाही."

खरंच नव्हता. कायम मागे उभे असल्यामुळे आमच्या कुठल्याच फोटोत हे नव्हते. ह्यांना ओट्यावर बसवलं, हात गुडघ्यांवर, थाऊ शेजारी. ह्यांनी टेप पुढे केली. मी म्हटलं, "नको, मला अंदाज आहे." ह्यांनी टेप खिशात टाकून हात परत गुडघ्यांवर ठेवले, तसा मी खटका दाबला. किल्ली मात्र ह्यांनी माझ्याकडून दोनदा विचारून फिरवून घेतली.

तो रोल धुवून यायला पुढचा जानेवारी उजाडला. तोवर मांडीवर मुलगी होती आणि हे टूलरूमला मुख्य झाले होते. फोटोवाल्याचं पाकीट ह्यांनी टेबलावर ठेवलं, पहिला फोटो काढला आणि भिंग न घेताच बघत राहिले. मी मुलीला घेऊन मागून डोकावले.

ओटा आला होता. थाऊ आला होता. हे गळ्यापर्यंत आले होते. वर नुसतं पत्र्याचं छप्पर, ह्यांचं डोकंच नव्हतं.

वर्षाचा पहिला फोटो, ह्यांचा एकुलता एक, आणि परत काढायचा नाही हा कायदा. ह्यांनी फोटो उजेडाकडे धरला, गुडघ्यांवर ठेवलेल्या त्या दोन पंजांवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "हात छान आलेत."